घरच्या बाळंतपणाआधी रक्ताचा हिशेब

महाराष्ट्रात आता शंभरातली जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणे दवाखान्यात होतात. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ९४.७ टक्के आहे. उरलेली पाच कुठे होतात, हे नकाशावर बोट ठेवून सांगता येईल. धडगाव-अक्कलकुव्याचे डोंगरपाडे, मेळघाट, भामरागड आणि एटापल्लीच्या जंगलातली गावे. त्यात भर उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांची. याच सर्वेक्षणात राज्यातल्या गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५२.२ टक्के. हे दोन आकडे अहवालात वेगवेगळ्या पानांवर असतात. पाड्यावर मात्र ते पुष्कळदा एकाच बाईच्या अंगावर येतात. तिचे रक्त कमी असते, आणि बाळंतपणही घरीच होणार असते.

सरकारी आरोग्ययंत्रणेचा सल्ला स्पष्ट आहे, बाळंतपण दवाखान्यातच व्हावे. तो बरोबरच आहे. पण पावसाळ्यात नदीला पूर आला, घरी दोन लहान मुले आणि गुरे आहेत, नवरा कामाला गुजरातेत गेला आहे आणि आधीची तीन बाळंतपणे चुलीशेजारी सुखरूप झाली आहेत, अशा घरात या सल्ल्याचे वजन कमी पडते. ‘आमची सात झाली घरात, काय झालं?’ असे सासूबाई विचारतात, त्यालाही त्यांच्यापुरता आधार असतो. शहरातही अलीकडे काही सुशिक्षित जोडपी घरच्या बाळंतपणाची चौकशी करू लागली आहेत. त्यांची कारणे वेगळी. रक्ताचा नियम दोघांनाही एकच.

बाळंतपण घरी की दवाखान्यात, हा वाद बहुतेक घरांत नवव्या महिन्यात सुरू होतो. रक्ताच्या दृष्टीने तोवर फार उशीर झालेला असतो. घरी राहण्याचा विचारसुद्धा करता येईल का, हे चौथ्या ते आठव्या महिन्यात ठरते, आणि ते ठरवतो हिमोग्लोबिनचा आकडा.

थोडे गणित करून पाहू. समजा, एका गरोदर बाईच्या अंगात चार लिटर रक्त आहे. हिमोग्लोबिन ११ असेल, म्हणजे दर शंभर मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅम, तर तिच्याजवळ एकूण ४४० ग्रॅम हिमोग्लोबिन झाले. बाळंतपणात एक लिटर रक्त गेले, तर ११० ग्रॅम गेले, ३३० उरले. पुढच्या काही तासांत-दिवसांत शरीर पाणी ओढून रक्ताचे आकारमान भरून काढते. तेव्हा तिचे हिमोग्लोबिन आठच्या थोडे वर असेल. ती थकेल, चक्कर येईल, पण ती बाळाला पाजत असेल. आता शेजारच्या घरातली बाई घेऊ. तिचे हिमोग्लोबिन ७ आहे. तिच्याजवळ मुळात २८० ग्रॅमच आहेत. तिचेही तेवढेच, एक लिटर रक्त गेले. उरले २१० ग्रॅम, म्हणजे आकडा पाचच्या जरा वर. इथे हृदय दमू लागते, आणि आणखी थोडा रक्तस्राव झाला तर हातात काही उरत नाही. पहिलीला जे नुकसान सोसले, ते दुसरीला सोसत नाही. शहरातल्या रुग्णालयात हा फरक रक्ताच्या पिशवीने भरून काढता येतो. डोंगरातल्या घरात बाईने अंगात साठवलेले रक्त हीच तिची रक्तपेढी.

दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त खेळत असते. वार सुटली की त्या उघड्या रक्तवाहिन्या बंद करण्याचे काम गर्भाशयाचे स्नायू आवळून करतात. ते नीट आवळले नाहीत, तर रक्तस्रावाने तास-दोन तासांतही मृत्यू येऊ शकतो. पाड्यावरून तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचायला पुष्कळदा त्याहून जास्त वेळ लागतो.

शिवाय रक्तक्षय असलेल्या बाईला रक्तस्राव होण्याचा धोकाही जास्त असतो. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबिया या देशांतल्या रुग्णालयांत दहा हजारांहून अधिक रक्तक्षयी बाळंतिणींची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम रक्तक्षय असलेल्यांपैकी ६.२ टक्के स्त्रियांना अतिरक्तस्राव झाला, तीव्र रक्तक्षय असलेल्यांपैकी ११.२ टक्के स्त्रियांना. मृत्यूची किंवा मृत्यूच्या दारातून परत येण्याची शक्यता तीव्र रक्तक्षयात सुमारे सातपट होती. याच संशोधनात रक्तक्षयी बाळंतिणींना ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे रक्तस्राव रोखणारे औषध आधीच देऊन पाहिले. त्याने रक्तस्राव टळला नाही. ऐनवेळच्या औषधाने आधीच्या सात-आठ महिन्यांची तूट भरून निघत नाही, असाच त्याचा अर्थ.

रक्तस्राव अजिबात झाला नाही तरी एक धोका उरतो, आणि तो घरात फारसा कुणाला ठाऊक नसतो. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आवळते तेव्हा त्यातले तीनशे-पाचशे मिलिलिटर रक्त एकदम आईच्या रक्ताभिसरणात परत येते. धडधाकट हृदय ते सहज पेलते. हिमोग्लोबिन पाच-सहावर असलेल्या बाईचे हृदय महिनोन्‌महिने दुप्पट मेहनत करून थकलेले असते. त्याला हा लोंढा झेपत नाही आणि फुप्फुसांत पाणी भरते. बाळ रडले, वार पडली, सगळे सुखरूप झाले म्हणून घरातले निर्धास्त होतात आणि अर्ध्या तासाने बाळंतीण धापा टाकू लागते.

गरोदरपणात रक्त ‘कमी’ का होते, हेही समजून घ्यायला हवे. रक्तातला पाण्याचा भाग चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतो. तांबड्या पेशी मात्र वीस-तीस टक्क्यांनीच वाढतात. आमटीत पाणी वाढवावे तसे रक्त थोडे पातळ होते. म्हणून गरोदर बाईसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा इतर स्त्रियांपेक्षा थोडी खाली, म्हणजे ११ धरली आहे. १० ते १०.९ हा सौम्य रक्तक्षय, ७ ते ९.९ मध्यम, आणि ७ च्या खाली तीव्र. ‘गरोदरपणात रक्त कमी होतंच’ असे म्हणत आठवर आलेला आकडा सोडून देण्याची सवय बायकांमध्ये आहे आणि काही दवाखान्यांतही आहे. पाणी वाढल्याने आकडा आठवर येत नाही. तिथवर तो येतो, ते लोह संपलेले असते म्हणून.

एका गरोदरपणाला सुमारे एक ग्रॅम, म्हणजे १००० मिलिग्रॅम लोह जास्तीचे लागते. साधारण ३०० बाळाला आणि वारेला, ५०० आईच्या वाढत्या रक्तासाठी, बाकीचे रोजच्या झिजेत जाते. दिसायला चिमूटभर. पण बहुतेक मुली लग्नाच्या आधीपासूनच मासिक पाळी आणि अपुऱ्या आहाराने रिकाम्या झालेल्या असतात. दोन बाळंतपणांत वर्ष-दीड वर्षाचेच अंतर असेल तर मागची उधारी फिटण्याआधी नवी सुरू होते.

दम लागणे, छातीत धडधडणे, पायांवर सूज, जिभेचा आणि पापणीच्या आतला रंग पांढुरका होणे ही लक्षणे ओळखीची आहेत. एक लक्षण बायका लाजेने सांगत नाहीत. माती, खापरी, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. ते डोहाळे म्हणून हसण्यावारी नेले जाते. पण लोह कमी पडल्याचे ते चिन्ह असू शकते आणि विचारले तरच कळते. मात्र लक्षणांवर विसंबून राहणे बरे नाही. हळूहळू उतरलेल्या हिमोग्लोबिनची शरीराला सवय होते. सातच्या आकड्यावर बाई डोक्यावर हंडा घेऊन चढण चढत असते आणि विचारले तर ‘मला काही होत नाही’ म्हणते. म्हणून दर महिन्याला बोटाला सुई टोचून तपासणी करावी. पहिला थेंब पुसून टाकावा, बोट पिळू नये; पिळले की पेशींबरोबर पाणीही येते आणि आकडा चुकतो.

उपचार स्वस्त आहे, उपकेंद्रात फुकट मिळतो, आणि तरीही घराच्या वळचणीला पडून राहतो. ती लाल गोळी. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रोज दोन.

गोळ्या न घेण्याची कारणे आशाताईंना तोंडपाठ असतात. मळमळते, तोंडाला लोखंडाची चव येते, शौचाला काळे आणि घट्ट होते. काळा रंग निरुपद्रवी आहे. गोळी पोटात पोहोचल्याची ती पावतीच. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्यावी. रिकाम्या पोटी लोह जास्त शोषले जाते हे खरे, पण पोटात न टिकलेल्या गोळीपेक्षा जेवणानंतर घेतलेली गोळी केव्हाही बरी. सगळ्यांत पक्के कारण मात्र वेगळेच असते. गोळ्यांनी बाळ मोठे होईल आणि घरी अडेल, ही भीती. दवाखाना दूर असलेल्या बाईच्या दृष्टीने ती भीती तर्काला धरून आहे, म्हणून ती हसून झटकू नये. लोहाच्या गोळीने बाळ अडण्याइतके मोठे होत नाही. गोळी न घेतल्याने ते दिवसांआधी आणि कमी वजनाचे होण्याची शक्यता वाढते, आणि कळा द्यायला आईच्या अंगात बळ उरत नाही. सासूबाईंना हे सुनेसमोरच सांगावे, कारण गोळीचा डबा पुष्कळदा त्यांच्याच ताब्यात असतो.

दुसरी चूक गोळ्यांच्या वेळेची. गरोदर बाईला कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात, दिवसातून दोनदा. लाल आणि पांढरी अशा दोन्ही गोळ्या एकदम गिळून मोकळे होणे सोयीचे वाटते. कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे. कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणाबरोबर आणि लोह रात्री, हे सोपे. चहाचेही तसेच. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर त्यातले टॅनिन जेवणातले लोह बांधून ठेवते. तासभर थांबावे. उलट लिंबू, आवळा, कच्ची कैरी यांतले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. डाळीवर लिंबू पिळणे ही चवीपुरती गोष्ट नव्हे.

आहाराबद्दल वर्तमानपत्रे पुष्कळ लिहितात आणि बीट, डाळिंब, खजूर यांवर येऊन थांबतात. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवते, हा समज रंगावरून झालेला. बाजरीत शंभर ग्रॅमला साधारण साडेसहा मिलिग्रॅम लोह असते, नाचणीत साडेचारच्या वर, पालकात तीनच्या आसपास. धान्य-भाज्यांतल्या लोहापैकी पाच ते दहा टक्केच अंगी लागते. म्हणजे दोन बाजरीच्या भाकऱ्यांतून जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. शेवटच्या महिन्यांत शरीराला रोज सहाच्या आसपास मिलिग्रॅम लोह प्रत्यक्ष रक्तात उतरायला हवे असते. गरोदरपणात शोषण वाढते. ते दुप्पट-तिप्पट धरले तरी रोज सात-आठ भाकऱ्या नुसते आहे तिथे टिकून राहायला लागतील. अन्न लागतेच. मटण, कलेजी, सुकट-बोंबील यांतले लोह अधिक सहज अंगी लागते, त्यामुळे जे खातात त्यांनी गरोदरपणात ते सोडू नये. लोखंडी कढईतली आमटी, मोड आलेली कडधान्ये, रानभाज्या हेही हवे. आदिवासी भागात ‘अमृत आहार’ योजनेत अंगणवाडीतून गरोदर बाईला एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. ते डब्यात घरी नेले की घरभर वाटले जाते, म्हणून तिथेच बसून खाल्लेले बरे. पण आठवर आलेले हिमोग्लोबिन आहाराने बाळंतपणापर्यंत अकरावर जाईल, असे कुणी सांगत असेल तर ते खोटे आश्वासन आहे.

गोळीचे गणित पाहा. ६० पैकी दहा टक्के, म्हणजे सहा मिलिग्रॅम रक्तात उतरले, तर दोन गोळ्यांतून रोज बारा. हिमोग्लोबिन एका ग्रॅमने वाढवायला चार लिटर रक्तात सुमारे १३५ मिलिग्रॅम लोह लागते, आणि बाळ आपला वाटा आधी काढून घेते. म्हणून नियमित गोळ्या घेतल्या तर महिन्याला साधारण एक ग्रॅमची वाढ, कधी जास्त. साडेसातवर असलेली बाई पाचव्या महिन्यापासून गोळ्या घेऊ लागली तर नवव्यापर्यंत अकराच्या जवळ येऊ शकते. आठव्यात सुरू केल्या तर कळा येतील तेव्हा ती साडेआठवर असेल. बाई तीच आणि गोळीही तीच. गेले ते फक्त तीन महिने.

महिनाभर गोळ्या घेऊनही आकडा एका ग्रॅमने वाढला नाही, तर ‘आणखी महिनाभर घ्या’ म्हणून पाठवणे योग्य नाही. गोळ्या खरेच पोटात जातात का, ते आधी विचारावे. जात असतील तर कारण दुसरे आहे.

त्या दुसऱ्या कारणांचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली ती गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या तीव्र रक्तक्षयाचा शोध घ्यायला. परळच्या हाफकिन संस्थेतही तिने काम केले. या स्त्रियांच्या रक्तातल्या पेशी लोहाच्या कमतरतेत होतात तशा लहान नव्हत्या, उलट मोठ्या होत्या. मार्माइट नावाच्या स्वस्त यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होऊ लागल्या, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला उपयोगी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आजच्या लाल गोळीत लोहाशेजारी तो बसला आहे, त्यामागे परळ-लालबागच्या त्या बायकांचे रक्त आहे. ब-१२ मात्र या गोळीत नाही. दूध-अंडी-मांस परवडत नसलेल्या किंवा न खाणाऱ्या घरांत त्याची कमतरता असते आणि ती वेगळी तपासावी लागते.

दुसरे कारण जंत. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रोज थोडे थोडे रक्त पितात. अनवाणी शेतात जाणाऱ्या बायकांना त्यांची लागण सहज होते. पहिले तीन महिने संपल्यावर अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी कार्यक्रमातच आहे, ती चुकवू नये.

तिसरे कारण सिकलसेल, आणि सातपुड्यात व विदर्भात ते विसरून चालतच नाही. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया आणि विदर्भातल्या इतरही समाजांत तो आढळतो. वाहक असलेल्या बाईला इतरांसारखेच लोह लागते. पण प्रत्यक्ष आजार असलेल्या बाईचे हिमोग्लोबिन तांबड्या पेशी लवकर फुटल्यामुळे कमी असते. वारंवार रक्त दिले असेल तर तिच्या अंगात लोह उलट जास्त साठलेले असू शकते, तिला डोळे झाकून लोहाची इंजेक्शने देणे बरोबर नाही. तिचे बाळंतपण घरी होऊच नये, आकडा कितीही असो. विद्राव्यता चाचणी गावातच होते, ती पहिल्या नोंदणीलाच करून घ्यावी.

गोळ्या लागू पडत नसतील किंवा वेळच उरली नसेल, तर लोह शिरेतून देता येते. आयर्न सुक्रोज २०० मिलिग्रॅमच्या हप्त्यांत, एक दिवसाआड. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत हजार मिलिग्रॅमपर्यंत. पंचेचाळीस किलो वजनाच्या, हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला अकरापर्यंत नेऊन थोडा साठा ठेवायला सव्वाआठशे मिलिग्रॅमच्या आसपास लागते. म्हणजे सुक्रोजच्या चार-पाच फेऱ्या किंवा दुसऱ्याची एकच. पाड्यावरून चार वेळा खाली उतरणे कुणालाच जमत नाही. तिथे एकाच बैठकीचे औषध जास्त उपयोगी. पहिल्या तीन महिन्यांत हे देत नाहीत. क्वचित तीव्र ॲलर्जी येऊ शकते, त्यामुळे ते दवाखान्यातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचे, घरी सलाईन लावून नव्हे. त्याचाही परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. चौतिसाव्या आठवड्यात दिलेले लोह बाळंतपणाच्या वेळी कामी येईल. एकोणचाळिसाव्यात दिलेले बाळंतपणानंतर.

मग छत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा बोट टोचायचे आणि निर्णय घ्यायचा. घरच्या बाळंतपणाची जिथे रीतसर व्यवस्था आहे, त्या इंग्लंडचे नियम इथे पाहण्यासारखे आहेत. तिथे प्रशिक्षित सुईण गर्भाशय आवळणारी इंजेक्शने घेऊन घरी येते आणि गरज पडली तर रुग्णवाहिका बोलावते. तरीही कळा सुरू होताना हिमोग्लोबिन ८.५ च्या खाली असेल, तर बाळंतपण डॉक्टरांच्या रुग्णालयात, ८.५ ते १०.५ असेल तर एकेकीचा वेगळा विचार. एवढी सोय असलेला देश साडेआठच्या खाली घरी नको म्हणतो, तर जिथे रुग्णवाहिका नदीपलीकडे थांबते तिथे ही मर्यादा आणखी वर असायला हवी. दहाच्या खाली आकडा असलेल्या बाईने पाड्यावर थांबू नये, हे सांगायला आढेवेढे घेऊ नयेत. सातच्या खाली तर शेवटच्या तीन महिन्यांत ताबडतोब रुग्णालयात दाखल करण्याचीच सूचना आहे, आणि पाचच्या खाली रक्त चढवण्याची. पहिलटकरीण, जुळे, आधीचे सिझर, आधीच्या वेळचा रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब यांतले काही असेल तर आकडा चांगला असूनही घर नको.

‘रुग्णालयात जा’ आणि ‘घरी राहा’ यांच्या मधली एक सोय आहे, माहेरघर. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात बांधलेल्या या खोल्यांत बाई दिवस भरण्याआधीच नातेवाइकासह येऊन राहू शकते, लहान मूल बरोबर आणू शकते. रक्त कमी असलेल्या बाईसाठी ती उत्तम. तिथे ओस पडलेली माहेरघरेही आहेत. घरी गुरे कोण पाहणार, हा प्रश्न योजनेने सोडवलेला नाही, तो घरच्यांनाच आणि तोही आधीच सोडवावा लागतो.

एवढे करूनही काही बाळंतपणे घरीच होतील. नऊ महिने नीट गेलेल्या बाईला रात्री दोनला कळा येतात आणि पहाटे बाळ हातात असते. त्यामुळे तयारी प्रत्येक घरात हवी. साबण, नवे ब्लेड, स्वच्छ दोरा, धुतलेले कपडे हे सुइणीला माहीत असते. रक्ताच्या बाजूची तयारी मात्र कुणी करत नाही. बाईचा रक्तगट कार्डावर लिहिलेला हवा आणि त्या गटाचे दोन धडधाकट माणसे गावात कोण, हे ठरलेले हवे. गट निगेटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत एक इंजेक्शन लागू शकते, आणि घरी बाळंत झालेल्या बाईचे ते हमखास चुकते. १०८ आणि १०२ हे क्रमांक सगळ्यांना माहीत असतात; फोनला रेंज कोणत्या टेकडीवर मिळते आणि रात्री तिथे कोण जाणार, हे ठरवावे लागते. बांबूची झोळी आणि ती वाहणारे चौघे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, नवरा गावात नसेल तर ‘आता निघायचं’ हे कोण म्हणणार? पुष्कळ जीव रस्त्यात जात नाहीत, त्या आधीच्या दोन तासांत जातात, परवानगीची वाट पाहताना.

निघायचे कधी, तर वार अर्ध्या तासात पडली नाही, एकामागून एक कपडे भिजू लागले, बाळंतिणीला घेरी आली, तहान-तहान करू लागली किंवा दम लागला, तर लगेच. रक्त कमी असलेल्या बाईच्या बाबतीत ‘थोडं अजून बघू’ हे नाही. वार सुटण्याआधी नाळ ओढू नये, पोट दाबू नये. तिला लघवी करायला लावावी; भरलेले मूत्राशय गर्भाशयाला आवळू देत नाही. बाळाला लगेच छातीशी लावावे, त्याने गर्भाशय आवळायला मदत होते. बाळाची नाळ घाईने कापू नये, एक ते तीन मिनिटे थांबावे. तेवढ्यात वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि त्याला पुढच्या काही महिन्यांचे लोह मिळते.

इथे बेळगावचा उल्लेख करायला हवा. त्या जिल्ह्यातल्या गावांत घरी आणि उपकेंद्रांत आरोग्यसेविकांनी केलेल्या १६२० बाळंतपणांचा अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या बायकांना बाळ झाल्यावर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, ६०० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे दिल्या. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आले. तीव्र रक्तस्राव १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. ना सुई, ना शीतपेटी. रक्त किती गेले, हे अंदाजाने न सांगता बाईखाली मापाची खूण असलेली प्लास्टिकची पिशवी अंथरून मोजले होते. २०१३ मध्ये केंद्र सरकारने दुर्गम भागांत, जिथे घरी बाळंतपणे होतात तिथे, या गोळ्या आशा आणि आरोग्यसेविकांमार्फत पोहोचवण्याच्या सूचना काढल्या. नियम एकच आणि कडक आहे. बाळ बाहेर आल्यावर, पोटात दुसरे नाही याची खात्री करून, मगच. कळा वाढवण्यासाठी आधी दिली तर गर्भाशय फाटू शकते. म्हणून ही गोळी दुकानातून आणून घरात ठेवायची नाही. आशाताईंकडे ती आहे का आणि ती कधी द्यायची हे त्यांना शिकवलेले आहे का, एवढे आठव्या महिन्यात विचारून ठेवावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे सगळेच वेगळे. दिवाळीच्या सुमारास गाव सुटते ते मार्च-एप्रिलपर्यंत. चौथा ते नववा महिना नेमका फडावर जातो. गावच्या आशाताईंच्या यादीत ती ‘स्थलांतरित’ होते आणि कारखान्याच्या गावात तिचे नाव कुठेच नसते. निघताना तीन-चार महिन्यांच्या गोळ्या एकदम मागून घ्याव्यात, माता-बाल संरक्षण कार्ड ट्रंकेत नव्हे तर अंगावरच्या पिशवीत ठेवावे, आणि पोचल्यावर तिथल्या उपकेंद्रात ते दाखवावे. कोणत्याही जिल्ह्यात ते चालते. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची तपासणी असते. मुकादमाला ती तारीख आधी सांगून ठेवली तर अर्धी कोयती सुटण्यावरून वाद होत नाही.

बाळ झाल्यावर लाल गोळ्यांचा डबा बहुतेक घरांत बंद होतो. तो पुढचे सहा महिने चालू ठेवायचा असतो. हळिवाचे लाडू जरूर खावेत. हळिवात शंभर ग्रॅमला सतरा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, पण एका लाडवात हळीव चमचा-दोन चमचेच असतात. बाळंतिणीला पाणी, डाळी आणि पालेभाज्या तोडण्याची प्रथा आहे, ती रक्त भरून यायच्या नेमकी आड येते. सव्वा महिन्यानंतर बाळाच्या लशीसाठी उपकेंद्रात जावे लागतेच. त्याच दिवशी आईचेही बोट टोचून घ्यावे आणि आकडा कार्डावर लिहून घ्यावा. तो अकराच्या खाली असेल, तर पाळणा लांबवण्याचे साधनही त्याच खेपेला मागावे.